मोठं मनगट आणि वडिलांचं ३५ मिलिमीटरचं घड्याळ

उत्तरेश्वर_पेठकर

आपल्या कोल्हापुरात कुणाच्याही घरी कपाट उघडा, एक तरी चावीचं घड्याळ पडून असतंय. एचएमटीची जनता, पायलट, नाहीतर त्याच्या आधीचं फेवर-लुबा, वेस्ट एंड, रोमर. वडिलांचं, आजोबांचं. चावी दिली की चालतंय. तरी घरातला तरणा पोरगा ४५ मिलिमीटरचं घेऊन घालतोय, कारण विचारलं की ठरलेलं उत्तर: "माझं मनगट मोठं आहे ओ, ते जुनं लेडीज दिसतंय."

माझं मनगट सव्वाआठ इंच आहे. घरात तालमीचा वारसा, चुलते आणि भाऊ सगळे त्याच मापाचे. मी रोज वडिलांची जनता घालतो, ऑफिसात, लग्नात, जोतिबाच्या यात्रेत. ती ३५ मिलिमीटरची आहे आणि माझ्या हातावर शोभते. का शोभते ते नीट लिहावं आणि अशी घड्याळं कपाटातून बाहेर निघावीत, एवढ्यासाठी हा धागा काढतोय.

'लेडीज' हा शिक्का आधी पुसूया. जनतासारखी घड्याळं निघाली तेव्हा पुरुषांचं घड्याळ म्हणजे ३३ ते ३६ मिलिमीटर हेच माप होतं. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनबरोबर बंगळूरला कारखाना काढला तो जगभर चालणाऱ्या याच मापात. पाटेक फिलिपचं १९३२ चं कालात्राव्हा ३१ मिलिमीटरच्या आसपास होतं. रोलेक्सचं डेटजस्ट १९४५ चं, ३६ चं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने बारा कंपन्यांकडून सैनिकांसाठी घड्याळं करून घेतली, ती साधारण ३५ ते ३८ मध्ये बसतात. १९७२ मध्ये ओदमार पिगेचं रॉयल ओक ३९ मिलिमीटरचं आलं तर लोक त्याला 'जंबो' म्हणू लागले! ४२-४४ हे रोजचं माप झालं ते नव्वदच्या दशकानंतर. मनगटं काही मध्येच वाढली नाहीत. खासबाग मैदान १९१२ चं आहे, तेव्हाच्या मल्लांचे हात आपल्यापेक्षा बारीक नक्कीच नव्हते.

आता मापाविषयी. सगळे फक्त व्यास विचारतात. व्यासाने अर्धीच गोष्ट कळते. पट्टा ज्यात अडकतो ते घड्याळाचे कान, त्यांच्या वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत किती लांबी आहे ते मोजा. माझी जनता कॅलिपरने ४१ च्या जवळ भरते. मग हात टेबलावर ठेवून मनगटाचा वरचा सपाट भाग मोजा. माझा ६० आहे. म्हणजे दोन्ही बाजूंना साधारण नऊ-दहा मिलिमीटर जागा मोकळी राहते. एवढी जागा चांगली दिसते, घड्याळ मधोमध बसतं आणि कान हाताबाहेर लोंबत नाहीत. उलट बारीक मनगटावर ४६ चं घड्याळ घातलं की कान दोन्हीकडून बाहेर येतात, हे वाईट दिसतं. मोठ्या मनगटाला लहान घड्याळ चालतं, बारीक मनगटाला फार मोठं चालत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

डायलचा रंग आणि कडेची पट्टीसुद्धा बघा. जनताला काचेभोवती कड बारीक आणि डायल पांढरा, म्हणून ती मापापेक्षा मोठी भासते. पायलट त्याच मापाची असून काळ्या डायलमुळे थोडी लहान वाटते. चौकोनी घड्याळाचं तर गणितच निराळं: २८ मिलिमीटर बाजूचा चौकोन कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जवळजवळ ४० भरतो.

पण सगळ्यात मोठा फरक पट्ट्याने पडतो. त्यावर खाली सविस्तर लिहितो, आधी तुमचे अनुभव येऊ द्यात.

टिकटिक_राजारामपुरी

धागा वाचून बरं वाटलं दादा. माझं मनगट पावणेआठ. आजोबांचं फेवर-लुबा सी चीफ आहे, ३४ च्या आत-बाहेर. दोन दिवस विचित्र वाटलं, कारण आधी हातात मोठं स्मार्टवॉच होतं. डोळ्याला सवय कशाची आहे त्यावर सगळं असतंय. आता मित्राचं ४४ चं हातात घेतलं की तेच अवजड वाटतं.

एक हिशोब सांगतो. ३५ आणि ४२ मध्ये फरक सात मिलिमीटरचा, ऐकायला किरकोळ. पण डोळा बघतो ते क्षेत्रफळ. ४२ चा वर्ग भागिले ३५ चा वर्ग केला की १.४४ येतं. म्हणजे तोंडावळा चव्वेचाळीस टक्क्यांनी मोठा. म्हणून मोठ्यावरून एकदम लहानावर आलं की धक्का बसतो. मी मध्ये काही महिने ३८ चं घातलं आणि मग खाली आलो, ते सोपं गेलं.

विजय_इचलकरंजी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. मी पंचावन्न पार केलंय, जवळचं दिसायला चष्मा लागतो. लहान डायलवरचे आकडे मला बिनचष्म्याचे वाचता येत नाहीत. घड्याळ वेळ बघायला असतंय. मला ४० च्या वरचंच सोयीचं, आणि माझा हातही रुंद आहे.

उत्तरेश्वर_पेठकर

विजयकाका, राग कसला. डोळ्यांची अडचण खरी आहे आणि तिथे मी कुणाला ३३ चं घाला म्हणणार नाही. फक्त एवढं बघा की वाचायला सोपं होणं हे आकारापेक्षा डायलच्या मांडणीवर जास्त अवलंबून असतं. जनताच्या पांढऱ्या डायलवर काळे ठसठशीत आकडे आणि गडद काटे असतात, ते आजच्या कितीतरी ४२ च्या घड्याळांपेक्षा पटकन वाचता येतात. मोठ्या घड्याळात तीन छोटी डायलं, तारीख, वार, चकाकणारे काटे असले की वेळ शोधावी लागते. एकदा पांढऱ्या डायलची जनता हातात घेऊन बघा. नाही जमलं तर तुमचं ४० चं बरोबरच आहे.

मीनल_ताराबाईपार्क

'लेडीज' या शब्दावर मला बोलायचंय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मनगटावरचं घड्याळ हाच बायकांचा दागिना समजला जायचा, पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे. पहिल्या महायुद्धात खंदकात खिशातून घड्याळ काढत बसणं परवडेना, तेव्हा सैनिकांनी ते हाताला बांधलं आणि मग ते मर्दानी झालं. घड्याळ तेच, फक्त बघणाऱ्याची नजर बदलली.

आमच्याकडे उलटं आहे. वडिलांची एचएमटी कांचन मी घालते, माझं मनगट सहा इंच. मला ती मोठी होते म्हणून लोक बोलतात. माझ्या नवऱ्याचं मनगट आठ इंच, त्याने सासऱ्यांचं रोमर घातलं की ते लहान म्हणून बोलतात. दोघांनीही बोलणाऱ्यांकडे लक्ष देणं सोडलंय.

सैनिकटाकळीकर

मीनलताईंनी युद्धाचं काढलं म्हणून लिहितो. आमच्या गावात घरटी फौजी. पणजोबांच्या पिढीतले लोक पहिल्या महायुद्धाला गेलते. वेस्ट एंडची घड्याळं हिंदी सैनिकांत फार चालायची, आमच्या घरात आजोबांचं एक आहे. तेहतीसच्या आसपास आहे, कानांना ड्रिल केलेली भोकं आहेत, मागच्या झाकणावर काहीतरी नंबर कोरलाय. आजोबा सहा फूट दोन इंच, पंजा एवढा की माझे दोन्ही हात त्यात मावायचे. फोटोत तेच घड्याळ हातावर आहे आणि कुणाच्या मनात लहान-मोठं आलं नसंल.

मी घालतो, पण एक अडचण आहे. बाजारातला चामड्याचा पट्टा मला शेवटच्या भोकापर्यंत जातो आणि टोक कडीतून जेमतेम बाहेर येतंय. त्यानं घड्याळ आणखीच लहान दिसतं. काय करावं?

उत्तरेश्वर_पेठकर

टाकळीकर, नेमका मुद्दा काढलात. आता पट्ट्यावर लिहितो.

दुकानात मिळणारा नेहमीचा पट्टा बकलाकडचा ७५ मिलिमीटर आणि भोकांकडचा ११५ मिलिमीटर असतो. सात-साडेसात इंची मनगटाला तो बरोबर. आठच्या वर गेलं की शेवटचं भोक. मग बकल मनगटाच्या आतल्या बाजूला मधोमध न येता एका अंगाला सरकतं, घड्याळही बाहेरच्या बाजूला कलतं. घड्याळ कललं की ते मापात नाही असं वाटतं, आणि खापर घड्याळाच्या मापावर फुटतं. दोष पट्ट्याचा असतोय. लांब पट्टा म्हणून मागितला तर ऑनलाइन मिळतात, पण आपण कोल्हापुरात राहून चामड्याचा पट्टा बाहेरून का मागवावा?

मी पापाच्या तिकटीला चप्पल करणाऱ्या एका कारागिराकडून करून घेतला. जुना पट्टा नमुन्याला नेला आणि मापं कागदावर लिहून दिली: बकलाकडचा ८५, भोकांकडचा १२५, कानाजवळ रुंदी १८, बकलाजवळ १६. जाडी कानाजवळ तीन मिलिमीटरच्या आत. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यावर कमावलेलं असतं, जाड आणि ताठ. ते तसंच वापरलं तर ३५ मिलिमीटरच्या घड्याळावर नांगरासारखं बसेल, म्हणून त्यांनी मागची बाजू रापीने तासून पातळ केली. कानाच्या टोकाशी चामडं दुमडून पिनेला जागा करताना आरीने टोचून बघितलं की पिन मोकळी फिरते का. फिरत नव्हती. पुन्हा उलगडलं, आतून आणखी तासलं, मग शिवलं. कडांना पाणी लावून लाकडाने घासलं की कड चकचकीत होते, ती बघण्यासारखी गोष्ट आहे. सुरुवातीला ताठ होता, घामाने आणि वापराने मऊ झाला, रंगही गडद होत गेला.

मोठ्या मनगटासाठी पट्टा कानाच्या रुंदीइतकाच सुरू होऊन बकलाकडे फारसा निमुळता होऊ देऊ नका. १८ चा १४ केला की नाजूक दिसतो, १८ चा १६ ठेवला की घड्याळाला भार येतो. जनताला १८ चाच पट्टा लागतो, म्हणजे ३५ ला १८, निम्म्याहून जास्त. या प्रमाणामुळेच ती रुंद हातावर उठून दिसते. काही जुन्या स्विस घड्याळांना १६ लागतो, तिथे जरा जाड पट्टा घ्या.

आणि सपाट, बिनशिलाईचा, एकरंगी. घड्याळाभोवती जेवढी गडबड कमी, तेवढं घड्याळ मोठं दिसतं.

चामडंकाम

घरचा हाच धंदा, म्हणून थोडी भर घालतो. दादांनी सांगितलेली मापं बरोबर आहेत. फक्त पातळ करायचं ते चामड्याच्या मागच्या अंगाने, वरचा दाणेदार थर तासू नये, त्यानंच ताकद असते. घड्याळाच्या पट्ट्याला पोटाकडचं चामडं घेऊ नका, ते ताणतं आणि भोकं लांबोडी होतात. पाठीकडचं मागा.

ज्यांना घड्याळ फारच छोटं वाटतं त्यांच्यासाठी खाली रुंद चामड्याची गादी आणि तिच्यावरून पट्टा, असा 'बुंड' प्रकार असतो. गादी घड्याळापेक्षा सात-आठ मिलिमीटर रुंद ठेवतात, त्यामुळे हातावरची जागा भरलेली दिसते. आणखी एक फायदा: घाम थेट घड्याळाच्या मागच्या झाकणाला लागत नाही. जुन्या घड्याळांत पितळेवर क्रोमचा मुलामा असतो, घामाने तो कानाच्या खालून आधी उडतो आणि मग पितळ खायला लागतं. गादीने ते थांबतं. एप्रिल-मे मध्ये मात्र गरम होतंय, ते सांगायला हवं. उन्हाळ्यात साधा पट्टा, बाकी वर्ष गादी, असं करणारे आमच्याकडे येतात.

कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच चामड्याचे पट्टे आपल्या लोकांनी मागितले तर कारागिरांना नवीन काम मिळेल, माझ्या दृष्टीने या धाग्यातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे.

टिकटिक_राजारामपुरी

+१. कापडी नायलॉनचा एकसंध पट्टा पण करून बघा, जो घड्याळाच्या खालून जातो. लांब असतो, त्यामुळे मोठ्या मनगटाला पुरतो. पण तो घड्याळाला उचलतो. चपटं जुनं घड्याळ दोन मिलिमीटर वर आलं की त्याचा डौल जातो. मला चामडंच आवडलं.

गंगावेस_कट्टा

भावांनो, चुलत्यांची एक हकिकत सांगायचीय, वाचून कुणाचं तरी घड्याळ वाचेल. त्यांचं जुनं स्विस घड्याळ, ३२ चं. हात पैलवानाचा. दुसऱ्या शहरात एका दुकानदाराने सांगितलं की मशीन चांगलं आहे, मोठ्या केसमध्ये (म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या डब्यात) बसवून देतो, डायल पण नवीन चकाचक करतो. करून दिलं. आता ४२ चं झालंय, डायल मोरपंखी, त्यावर कंपनीचं नाव जाडसर अक्षरात. जुनी केस, जुना डायल, जुनी चावी काहीच परत दिलं नाही. मशीन मोठ्या केसमध्ये प्लास्टिकच्या कड्यात बसवलंय, हात हलवला की आत हलल्याचं जाणवतं. चुलते ते आता घालतच नाहीत. आजोबांनी घेतलेलं घड्याळ होतं ते.

उत्तरेश्वर_पेठकर

गंगावेस, हे वाचून फार वाईट वाटलं. मला या धाग्यात सगळ्यात कळकळीने सांगायचं असेल तर हेच: मोठं मनगट आहे म्हणून घड्याळ बदलू नका. पट्टा बदला. पट्टा कधीही काढून पूर्ववत करता येतो, केस आणि डायल एकदा गेले की गेले.

डायल पुन्हा रंगवण्याचा धंदा इतका चालतो की परदेशातले जुन्या घड्याळांचे शौकीन अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. भडक नारिंगी, मोरपंखी, तिरंगी डायल, नाव जाड आणि पुसट कडांचं, मिनिटांच्या रेघा आणि आकडे एका रेषेत नाहीत, हे दिसलं की समजायचं. घरच्या घड्याळाचा डायल पिवळसर झाला असेल, डाग असतील, तर राहू द्या. काच प्लास्टिकची असते, तिचे ओरखडे पॉलिशने जातात आणि तेवढ्यानेच घड्याळ नवं दिसतं.

दुरुस्तीला देताना स्पष्ट सांगा: सफाई आणि तेलपाणी करा, गरज असेल तर स्प्रिंग बदला, केसला बफ मारू नका, डायलला हात लावू नका, आणि काढलेला प्रत्येक भाग पुडीत परत द्या. लक्ष्मीपुरी आणि महाद्वार रोडच्या बाजूला अजून चावीच्या घड्याळांची जाण असलेले जुने घड्याळवाले आहेत. ते डोळ्याला भिंग लावून मशीन उघडतात तेव्हा समोर उभं राहून बघा, बहुतेक जण आनंदाने दाखवतात. जनताचं मशीन १७ ज्वेलचं, म्हणजे आत फिरणाऱ्या भागांना आधार देणारे १७ खडे, सेकंदाला पाच ठोके. बॅलन्स चाक मोकळं झुलताना एकदा बघितलं की माणूस ते घड्याळ कपाटात परत ठेवत नाही.

२०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळांचा व्यवसाय बंद करायचा निर्णय घेतला. जी घरात आहेत तीच आता आपली, त्यांची मोडतोड आपल्या हाताने होऊ नये.

पन्हाळवेडा

छान चर्चा. एक प्रश्न, मी ऑनलाइन फोटो बघून ३४ चं एक जुनं घेतलं. फोटोत विकणाऱ्याच्या हातावर मोठं दिसत होतं. माझं मनगट आठ, हातात आल्यावर एकदम लहान वाटलं. फसवलं का मला?

मीनल_ताराबाईपार्क

पन्हाळवेडा, माप ३४ च असेल तर फसवणूक नाही, फोनच्या कॅमेऱ्याचा खेळ आहे. फोनची लेन्स रुंद कोनाची असते. अगदी जवळून फोटो काढला की लेन्सच्या जवळचं ते फुगून दिसतं आणि मागचं लहान. घड्याळ पुढे, मनगट मागे, म्हणून फोटोत सगळ्यांचीच घड्याळं मोठी. आणि स्वतः बघताना आपण हात छातीशी धरून खाली बघतो, तेव्हा रुंद पंजा आणि कोपरापर्यंतचा हात सोबत दिसतो.

खरं कसं दिसतं ते बघायचं असेल तर पुरा उंचीच्या आरशासमोर हात खाली सोडून उभं राहा, चार-पाच फुटांवरून. समोरचा माणूस आपल्याला तेवढ्याच अंतरावरून बघतो. माझ्या नवऱ्याला मी असंच उभं केलं, त्यानंतर त्याने रोमर काढलंच नाही.

पन्हाळवेडा

आरशात बघितलं. बरंच बरं दिसतंय! धन्यवाद ताई. पट्टा सोनेरी स्टीलचा स्प्रिंगवाला आहे, तो बदलू का?

टिकटिक_राजारामपुरी

बदला. ताणायचा स्प्रिंगवाला पट्टा मोठ्या मनगटावर पूर्ण ताणला जातो, कड्या उघड्या पडतात आणि हातावरचे केस ओढले जातात. पण फेकू नका, घड्याळाबरोबर आलेला असेल तर डबीत जपून ठेवा.

बुलेट_राधानगरी

मी रोज बुलेटवर साठ-सत्तर किलोमीटर फिरतो. मनगट साडेआठ. आबांची पायलट घालावी का? हादऱ्याने बिघडेल अशी भीती आहे. आणि आपल्याकडचा पाऊस.

उत्तरेश्वर_पेठकर

पायलट साडेआठच्या मनगटावर मस्त दिसेल, काळा डायल असला तरी. लांब पट्टा करून घ्या, तुमच्या मापाला भोकांकडचा १३० लागेल.

हादऱ्याचं म्हणाल तर एचएमटीच्या डायलवर 'पॅराशॉक' लिहिलेलं असतं बघा. बॅलन्सच्या नाजूक टोकांना आधार देणारे खडे बारीक स्प्रिंगवर बसवलेले असतात, झटका बसला की ते किंचित सरकतात आणि टोक मोडत नाही. त्यामुळे अचानक धक्क्याला घड्याळ तग धरतं. सतत थरथर मात्र कुठल्याच जुन्या मशीनला चांगली नाही. लांबच्या फेरीला घड्याळ आतल्या खिशात रुमालात ठेवा, पोहोचल्यावर घाला. लहान घड्याळाचा इथे फायदाच आहे, जर्किनच्या बाहीत अडकत नाही.

पावसाचं कडकपणे सांगतो. राधानगरीच्या पावसात जुनं घड्याळ अजिबात नको. मागच्या झाकणाखालचं रबर वाळलेलं असतं, चावीच्या भोकातून पाणी आत जातं आणि एका रात्रीत स्क्रूंना गंज धरतो. जून ते सप्टेंबर घराबाहेर दुसरं घड्याळ. काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर चावी द्यायची नाही, गरम हवा मारायची नाही, तांदळात पुरायचं नाही. त्याच दिवशी घड्याळवाल्याकडे नेऊन मशीन उघडून घ्यायचं. पावसाळ्यात कपाटात असलं तरी चार-आठ दिवसांनी चावी द्या, म्हणजे मशीन फिरतं राहील. चावी हलक्या हाताने, घट्ट लागली की थांबायचं. तुमच्या हाताची ताकद बघता हे जास्तच जपा.

सैनिकटाकळीकर

पापाच्या तिकटीला जाऊन माप देऊन आलो. ८५ आणि १३०, पाठीकडचं चामडं, मागून तासून. कारागीर म्हणाले, कानाला आरपार भोकं आहेत तर जाड पिन घाला, बारीक पिन भोकात खडखडते आणि भोक रुंदावत जातं. घड्याळवाल्याकडून जाड पिन आणून द्यायचीय, पट्टा सोमवारी मिळेल. आजोबांच्या घड्याळाला आधी सफाई करून घेऊ की पट्टा आधी लावू?

चामडंकाम

आधी सफाई. पट्टा लावलेला असला की मागचं झाकण उघडताना घड्याळवाल्याला तो काढावाच लागतो, नव्या चामड्याचं टोक तेव्हाच चुरगळतं. सफाई होऊन आठवडाभर वेळ बरोबर दाखवतंय का ते बघा, मग पट्टा चढवा. पिन घालताना कानाला चिकटपट्टी लावा, ओरखडा येत नाही.